जुळवलेल्या पैजा : ब्रिटिश पैजव्यवहाराच्या इतिहासातील एक प्रकरण

१. प्रास्ताविक

इ. स. २००० नंतरच्या दोन दशकांत ब्रिटनमध्ये वरकमाईची एक चमत्कारिक रीत रूढ झाली. ज्यांनी एरवी घोड्यावर अथवा फुटबॉलच्या सामन्यावर छदामही लावला नसता, अशी हिशेबी वृत्तीची माणसे इंटरनेटवरील बुकींकडे खाती उघडू लागली आणि पैजा लावू लागली. परंतु पैज जिंकण्याची त्यांना मुळीच आस नव्हती. इंग्रजीत या रीतीस ‘मॅच्ड बेटिंग’ असे नाव पडले. मराठीत तिला ‘जुळवलेल्या पैजा’ म्हणता येईल.

या रीतीचे सूत्र थोडक्यात असे. नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून बुकी त्यास एक ‘फुकट पैज’ देऊ करतो. गिऱ्हाईक त्या बुकीकडे एखाद्या निकालावर पैसे लावते आणि त्याच वेळी अन्यत्र, नेमक्या त्याच निकालाविरुद्ध दुसरी पैज घेते. निकाल कोणताही लागो, एका ठिकाणी गेलेले पैसे दुसऱ्या ठिकाणी भरून निघतात आणि फुकट पैजेच्या मूल्याचा बराचसा भाग हाती उरतो.

या प्रकाराकडे सामान्यतः गणिती चातुर्याचा नमुना म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यातील गणित शालेय बीजगणितापलीकडचे नाही, आणि उलटसुलट पैजा लावून आपली जोखीम झाकण्याची कला तर घोड्यांच्या शर्यतींइतकीच जुनी आहे. मग ही रीत १९६० मध्ये किंवा १९९० मध्ये का उदयास आली नाही? या प्रश्नाचे उत्तर गणितात नसून कायदा, करपद्धती आणि बाजाररचना यांच्या इतिहासात आहे. ही रीत ज्या मर्यादेवर येऊन थांबली ती मर्यादाही त्याच इतिहासातून आलेली आहे, हे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

२. व्यवहाराचे स्वरूप

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी व्यवहाराचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट करणे सोयीचे होईल. मुंबईच्या सट्टेबाजारात ‘लगाई’ आणि ‘खाई’ असे दोन शब्द प्रचलित आहेत. एखादी गोष्ट घडेल म्हणून पैसे लावणे ही लगाई; ती घडणार नाही असे मानून समोरच्याचा डाव अंगावर घेणे ही खाई. बुकीचा धंदा म्हणजे मुख्यतः खाई होय. जुळवलेल्या पैजांचे सारे रहस्य हेच की, सामान्य गिऱ्हाईक एकाच वेळी लगाईही करते आणि खाईही करते.

समजा, एका बुकीने अशी सवलत जाहीर केली की, जो प्रथम १० पौंडांची पैज लावील त्यास पुढे १० पौंडांची एक पैज फुकट मिळेल. यजमान संघाच्या विजयावर बुकीचा भाव ३.०० आहे, म्हणजे संघ जिंकल्यास लावलेल्या एका पौंडामागे मूळ रकमेसह ३ पौंड परत मिळतात. विरुद्ध बाजू घेण्यासाठी एक्सचेंज नावाची सोय आहे. तेथे कोणीही खाई करू शकतो. त्या ठिकाणी याच निकालाचा भाव ३.१० आणि जिंकलेल्या रकमेवरील दलाली शेकडा ५ आहे असे धरू. गिऱ्हाईक बुकीकडे १० पौंड लावते व एक्सचेंजमध्ये ९ पौंड ८४ पेन्सांची पैज खाते. त्यासाठी त्यास २० पौंड ६६ पेन्स जोखमीपोटी अडकवून ठेवावे लागतात. संघ जिंकला तर बुकीकडे २० पौंड नफा आणि एक्सचेंजमध्ये २० पौंड ६६ पेन्स तोटा. संघ न जिंकला तर बुकीकडे १० पौंड बुडतात आणि एक्सचेंजमध्ये दलाली वजा जाता ९ पौंड ३५ पेन्स मिळतात. दोन्ही परी तूट सुमारे ६५ पेन्सांची.

आता फुकट पैज हाती येते. तिच्यात जिंकल्यास केवळ नफा मिळतो, मूळ १० पौंड परत मिळत नाहीत. म्हणून हिशेब किंचित बदलतो आणि चढा भाव अधिक सोयीचा ठरतो. बुकीकडे ५.०० आणि एक्सचेंजमध्ये ५.२० असा भाव असल्यास ७ पौंड ७७ पेन्सांची पैज खावी लागते व ३२ पौंड ६३ पेन्स अडकतात. निकाल अनुकूल लागल्यास ४० पौंड नफ्यातून ३२ पौंड ६३ पेन्स वजा होतात. प्रतिकूल लागल्यास फुकट पैज जाते, परंतु एक्सचेंजमधून ७ पौंड ३८ पेन्स येतात. दोन्ही परी प्राप्ती सुमारे ७ पौंड ३७ पेन्सांची. पहिल्या टप्प्यातील तूट वजा करता निव्वळ ६ पौंड ७० पेन्सांच्या आसपास शिल्लक राहते.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, केवळ भावांतील फरकातून येथे काहीही मिळत नाही. तेथे उलट थोडी तूटच येते. सर्व प्राप्ती फुकट पैजेतून, म्हणजेच बुकीच्या जाहिरातखर्चातून होते. दुसरी ही की, या व्यवहारास तीन गोष्टी अनिवार्य आहेत : गिऱ्हाइकास खाई करण्याची मुभा, पैजेवर पडणारा कर अत्यल्प किंवा शून्य असणे, आणि बुकींमध्ये गिऱ्हाइकांसाठी चढाओढ असणे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी प्रथम अस्तित्वात आल्या त्या २००० आणि २००१ या दोन वर्षांत.

३. कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये पैजेचा करार मूलतः न्यायालयात दाद मागण्याजोगा होता. १८४५ च्या द्यूतविषयक कायद्याच्या १८ व्या कलमाने ती स्थिती पालटली आणि पैजेचे करार निरर्थक ठरवले. पैज लावणे गुन्हा झाला नाही. परंतु जिंकलेली रक्कम कोर्टात वसूल करण्याचा मार्ग बंद झाला. त्यानंतर सुमारे १६० वर्षे पैजेचे देणे हे केवळ अब्रूचे देणे राहिले. शर्यतींच्या जगातील तंटे टॅटरसॉल्स समितीपुढे जात, आणि देणे बुडवणाऱ्यास शर्यतीच्या मैदानातून बहिष्कृत केले जाई. दिवाणी न्यायालयाशी त्याचा संबंध नसे.

या कायद्याचे पडसाद मुंबईतही उमटले. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूस सरासरी किती भाव येईल यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांत मोठमोठ्या पैजा लागत. त्यांपैकी रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सूजूमनल धोंडमल हा तंटा मुंबईच्या सुप्रीम कोर्टातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये असे ठरले की, १८४५ चा कायदा हिंदुस्थानास लागू नसल्यामुळे तेथे जुना इंग्रजी सामान्य कायदाच चालतो, म्हणून अशी पैज वसूल करता येते. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने १८४८ चा २१ वा कायदा करून पैजेचे करार येथेही निरर्थक ठरवले. तेच तत्त्व पुढे १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ३० व्या कलमात आले. तात्पर्य, पैजेच्या कराराकडे पाहण्याची भारतीय आणि इंग्रजी दृष्टी एकाच मुळापासून फुटलेली आहे. पुढील वाटा मात्र भिन्न झाल्या. ब्रिटनने पैजव्यवहार परवान्याखाली आणून वाढू दिला. भारतीय संसदेने २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांसाठी होणारी पैशांची देवघेव यांवर बंदी घातली. म्हणूनच येथे वर्णिलेली रीत ही ब्रिटनच्या इतिहासाचा भाग आहे. भारतात तिला कायदेशीर स्थान नाही.

ब्रिटनमधील वाटचालही सरळ नव्हती. १८५३ च्या कायद्याने रोख पैजा घेणारी घरे बंद केली आणि १९०६ च्या कायद्याने रस्त्यावरील पैजा गुन्हा ठरवल्या. उधारीवर, पत्राने किंवा तारेने पैज लावणाऱ्या धनिकास मात्र या दोहोंचा उपसर्ग नव्हता. कामगाराची रोख पैज बेकायदेशीर आणि सरदाराची उधार पैज निर्वेध, अशी ही वर्गभेदाची व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ चालली. १९६० च्या कायद्याने ती मोडली आणि १ मे १९६१ पासून गल्लोगल्ली परवानाधारक पैजेची दुकाने उघडता येऊ लागली. परंतु याच कायद्याने खाईचा धंदा परवानाधारक बुकीपुरता राखून ठेवला. गिऱ्हाइकाने लावावे आणि बुकीने खावे, ही विभागणी आता कायद्याने पक्की झाली.

आणखी एका निर्णयाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ग्रेअम विरुद्ध ग्रीन या १९२५ च्या खटल्यात असा प्रश्न होता की, घोड्यांवरील पैजांवरच ज्याची उपजीविका चालते त्याच्या प्राप्तीवर आयकर लागू होतो काय? न्यायमूर्ती रौलट यांनी तो लागू होत नाही असा निर्णय दिला. हे रौलट म्हणजे ज्यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९१९ चा कुप्रसिद्ध कायदा हिंदुस्थानात आला तेच सर सिडने रौलट होत. बुकी हा संघटित रीतीने धंदा करतो, म्हणून त्याचा नफा करपात्र आहे; पैज लावणारा कितीही नियमित असला तरी तो केवळ पैज लावणाराच राहतो, असा भेद त्यांनी केला. पद्धतशीर रीतीने पैजा लावणे म्हणजे व्यापार नव्हे, हे तत्त्व ब्रिटिश करखात्याने पुढेही मान्य केले. जुळवलेल्या पैजांची प्राप्ती ब्रिटनमध्ये करमुक्त समजली जाते ती याच निर्णयाच्या आधारे.

४. करपद्धतीतील पालट

पैजेवर कर बसवण्याचा पहिला प्रयोग विन्स्टन चर्चिल यांनी अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये केला. तो फसला आणि १९२९ मध्ये मागे घ्यावा लागला. दुकाने कायदेशीर झाल्यानंतर, १९६६ मध्ये, जेम्स कॅलहॅन यांनी कर पुन्हा आणला आणि या वेळी तो टिकला. हा कर बुकीच्या नफ्यावर नसून लावलेल्या प्रत्येक रकमेवर होता. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचा दर शेकडा ६.७५ होता आणि शर्यतींसाठीची पट्टी व इतर खर्च धरून दुकानदार गिऱ्हाइकाकडून शेकडा ९ कापून घेत असत.

वर दिलेल्या उदाहरणास ही कपात लावून पाहिली म्हणजे तिचा परिणाम कळतो. १० पौंडांच्या पहिल्या पैजेवर ९० पेन्स कर गेला असता, म्हणजे ६५ पेन्सांची तूट दुपटीहून अधिक झाली असती. परंतु याहूनही महत्त्वाचा परिणाम बुकीच्या बाजूस होता. उलाढालीवर कर असेल तेव्हा बुकीस नफा होवो वा न होवो, प्रत्येक पैजेमागे सरकारास देणे लागते. अशा स्थितीत थोड्या गाळ्यावर पुष्कळ उलाढाल करण्याचा धंदा जमत नाही, आणि उदारहस्ते सवलती वाटणेही परवडत नाही.

ही व्यवस्था इंटरनेट आणि परदेशी टेलिफोनसेवा यांनी खिळखिळी केली. १९९९ मध्ये व्हिक्टर चँडलर या बुकीने आपला व्यवहार जिब्राल्टरला नेला आणि तेथून ब्रिटिश गिऱ्हाइकांस करमुक्त पैजा देऊ केल्या. मोठ्या बुकींनीही तोच मार्ग धरला. महसूल हातचा जातो असे पाहून अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी २००१ च्या अर्थसंकल्पात करपद्धतीच पालटली. ६ ऑक्टोबर २००१ पासून उलाढालीवरील कर रद्द झाला आणि त्याऐवजी बुकीच्या एकूण नफ्यावर शेकडा १५ कर आला. बदल्यात बुकींनी गिऱ्हाइकांकडून होणारी कपात बंद केली.

या सुधारणेचा उद्देश परदेशी गेलेला धंदा परत आणणे हा होता. वरकमाई करणाऱ्या गिऱ्हाइकांचे हित तिच्या कर्त्यांच्या मनातही नसावे. परंतु परिणाम असा झाला की, उलाढाल वाढवणे ही बुकीच्या दृष्टीने जवळजवळ निष्करित गोष्ट झाली. नवे गिऱ्हाईक जोडण्यासाठी दिलेली फुकट पैज हा आता परवडणारा खर्च ठरला. स्टोक-ऑन-ट्रेंट येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या बेट३६५ सारख्या नव्या संस्था आणि लॅडब्रोक्स, विल्यम हिल यांसारख्या जुन्या पेढ्या यांच्यात इंटरनेटवर चढाओढ लागली, आणि तिचे मुख्य हत्यार सवलत हेच होते.

५. एक्सचेंजचा उदय

तिसरी अट, म्हणजे गिऱ्हाइकास खाई करण्याची मुभा, पूर्ण झाली ती बेटफेअर या संस्थेमुळे. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी ती जून २००० मध्ये सुरू केली. शेअरबाजाराप्रमाणे येथे संस्था स्वतः पैज घेत नाही. लावणारा आणि खाणारा यांची गाठ घालून देते आणि जिंकणाऱ्याकडून दलाली घेते. दलालीचा प्रचलित दर शेकडा ५ होता. पुढे बेटडॅक, स्मार्केट्स, मॅचबुक अशी इतर एक्सचेंजेही निघाली.

एक्सचेंजमुळे बुकी आणि गिऱ्हाईक यांच्यातील शतकानुशतकांची भिंत ढासळली. परवाना नसलेला कोणीही माणूस आता एखाद्या घोड्याविरुद्ध पैज घेऊ शकत होता. बुकींनी यास कडाडून विरोध केला. खाई करणारे हे प्रच्छन्न बुकीच आहेत, त्यांनीही परवाना घ्यावा व कर भरावा, आणि घोडा हरण्यावर पैसे मिळू लागले म्हणजे शर्यतींत लबाडी वाढेल, असे त्यांचे आक्षेप होते. अखेरीस २००५ च्या द्यूतकायद्याने एक्सचेंजला पैजेचा मध्यस्थ म्हणून स्वतंत्र मान्यता दिली. ज्यांनी या संस्थेस विरोध केला त्यांच्याच सवलतींचे पैशांत रूपांतर करण्याचे साधन ती ठरली, हा इतिहासातील एक मार्मिक योगायोग म्हणावा लागेल.

अशा रीतीने २००१ च्या अखेरीस तिन्ही अटी पूर्ण झाल्या. पुढील वर्षांत या रीतीची माहिती देणारी मार्गदर्शने, भावांची तुलना करणारी कोष्टके आणि हिशेब करून देणारी गणकयंत्रे निघाली. काही मंडळींनी अशी माहिती वर्गणी घेऊन पुरवण्याचाच व्यवसाय केला. एका माणसाची युक्ती होती तिची एक रूढ रीत झाली.

६. बुकीचा प्रतिकार

या रीतीस ‘निर्धोक’ असे विशेषण लावले जाते. ते अंशतःच खरे आहे. दोन पैजांच्या मधल्या क्षणात भाव बदलणे, बुकी आणि एक्सचेंज यांचे निकालाविषयीचे नियम भिन्न असणे, आकडा टंकताना चूक होणे, ही संकटे आहेतच. कॅसिनोच्या सवलतींत तर विरुद्ध बाजू घेण्याची सोयच नसते. तेथे सरासरीने फायदा दिसला तरी प्रत्येक वेळी दैवाचा कौल घ्यावा लागतो. परंतु जुळवलेल्या पैजांस खरा पायबंद बसला तो या संकटांनी नव्हे, तर बुकीच्या नकाराधिकाराने.

इंटरनेटवरील प्रत्येक पैजेची नोंद राहते. ज्याची पैज नेहमी एक्सचेंजच्या भावाशी बरोबरी करणाऱ्या भावावरच पडते, जो केवळ सवलतीपुरता येतो आणि सवलत संपताच पैसे काढून घेतो, असे गिऱ्हाईक बुकीच्या संगणकास त्वरित ओळखू येते. त्याच्या सवलती बंद होतात. पुढे त्याची पैजेची कमाल मर्यादा काही पेन्सांवर आणली जाते. क्वचित खातेही बंद होते. यावर उपाय म्हणून कोणी नातेवाइकांच्या नावाने खाती चालवतात. परंतु तेथे युक्तीची हद्द संपून करारभंगाची, आणि प्रसंगी फसवणुकीची, हद्द सुरू होते.

हा नकार केवळ सवलतींपुरताच मर्यादित नाही. काउनित्झ, झाँग आणि क्राइनर या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनेक बुकींच्या भावांची सरासरी काढून त्याहून चढा भाव जेथे मिळेल तेथे प्रत्यक्ष पैजा लावून पाहिल्या. त्यांना नफा झाला. परंतु काही महिन्यांतच बुकींनी त्यांच्या खात्यांवर निर्बंध घातले. तात्पर्य, जिंकण्याची रीत कोणती हा प्रश्न गौण असून जिंकणे हाच नकाराचा हेतू ठरतो. एक्सचेंजही यापासून सर्वथा अलिप्त नाही. बेटफेअरने २००८ मध्ये सातत्याने जिंकणाऱ्यांवर शेकडा २० पर्यंतचा अधिभार बसवला आणि २०११ मध्ये काहींसाठी तो शेकडा ६० पर्यंत नेला.

येथे कायद्याचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. २००५ च्या कायद्याच्या ३३५ व्या कलमाने १८४५ चे तत्त्व रद्द केले. १ सप्टेंबर २००७ पासून पैजेचा करार इतर करारांप्रमाणे न्यायालयात दाद मागण्याजोगा झाला. अब्रूचे देणे कायद्याचे देणे झाले. परंतु ही सुधारणा झालेल्या कराराविषयी आहे. करार करावयाचा की नाही, हे ठरवण्याची बुकीची मोकळीक तिने अबाधित ठेवली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात २०१४ पासून घोड्यांच्या शर्यतींपुरते असे बंधन आहे की, बुकीने ठरावीक रकमेपर्यंतची पैज नाकारता कामा नये. ब्रिटनमध्ये असे बंधन घालण्यात आलेले नाही. पैज हा दोन सद्गृहस्थांमधील खाजगी शब्द आहे आणि तो कोणाला द्यावयाचा हे ज्याचे त्याने ठरवावे, ही जुनी कल्पना कायद्यातून गेली तरी धंद्यात टिकून राहिली. दोन सद्गृहस्थांची जागा मात्र एका बाजूस प्रचंड कंपनी आणि दुसऱ्या बाजूस एकटा माणूस यांनी घेतली.

७. पैसा कोणाचा?

जुळवलेल्या पैजांतील प्राप्ती बुकीच्या जाहिरातखर्चातून येते, हे वर दाखवले. परंतु हा खर्च तरी कोठून भरून निघतो? हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निवड समितीने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, या उद्योगाच्या नफ्यापैकी शेकडा ६० नफा शेकडा ५ गिऱ्हाइकांकडून येतो, आणि ही गिऱ्हाइके म्हणजे जुगाराच्या व्यसनात सापडलेली किंवा सापडण्याच्या बेतात असलेली माणसे होत. हे ध्यानात घेतले म्हणजे ‘बुकीवर मात’ या वर्णनातील शौर्य बरेचसे ओसरते. हिशेबी माणसाच्या हाती आलेले ७ पौंड बुकीच्या तिजोरीतून आले हे खरे. परंतु त्या तिजोरीत ते टाकणारा दुसराच कोणी हतबल माणूस असण्याचा संभव मोठा आहे.

याउलट असेही म्हणता येईल की, हिशेबी माणसाने सवलत नाकारल्याने व्यसनी माणसाचे काही वाचत नाही. सवलतीचा पैसा बुकीकडेच राहतो. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड आहे, आणि व्यक्तीच्या वर्तनापुरता तो मान्यही करता येईल. मात्र त्यातून एक गोष्ट सुटते. जी सवलत हिशेबी माणसास वरकमाईचे साधन वाटते तीच दुसऱ्यास गळ ठरते, आणि दोघेही एकाच दारातून आत येतात. अनेक खाती, रोजच्या जाहिराती, आणि डोळ्यांपुढे सतत फिरणारे भाव यांच्या सान्निध्यात दुसरी पैज जुळवण्याचा कंटाळा येऊन पहिलीच उघडी ठेवण्याचा मोह होणे अस्वाभाविक नाही. ज्या क्षणी ती उघडी राहिली त्या क्षणी हिशेब संपतो आणि जुगार सुरू होतो.

शासनाने सवलतींवर जी नियंत्रणे आणली ती या गळाच्या दृष्टीनेच. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट यांच्याकडून अशी हमी घेतली की, सवलत घेतलेल्या गिऱ्हाइकास स्वतःचे पैसे काढण्यासाठी वारंवार खेळण्याची सक्ती केली जाणार नाही. १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैज लावण्यास बंदी झाली. २०२५ मध्ये द्यूत आयोगाने जाहीर केलेल्या नियमांनुसार बोनसची रक्कम दहापटीहून अधिक वेळा खेळून घेण्याची अट घालता येत नाही, तसेच क्रीडापैजा आणि कॅसिनो यांची एकाच सवलतीत सांगड घालता येत नाही. करनीतीचे चक्रही फिरले. २०१४ च्या अखेरीपासून कंपनी कोठेही असली तरी ब्रिटिश गिऱ्हाइकापासून झालेल्या नफ्यावर ब्रिटनमध्ये कर लागू झाला, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ऑनलाइन जुगारावरील करांत मोठी वाढ जाहीर करण्यात आली. २००१ च्या हलक्या कराने जो सवलतींचा हंगाम आणला तो भारी कराच्या काळात तसाच राहील असे मानण्यास आधार नाही.

८. समारोप

सारांश, जुळवलेल्या पैजा हे एखाद्या चतुर डोक्यातून निघालेले यंत्र नव्हे. परदेशी पळालेला महसूल परत आणण्यासाठी केलेली करसुधारणा, बुकीची मक्तेदारी मोडणारे एक्सचेंज, आणि त्या दोहोंमुळे पेटलेली सवलतींची चढाओढ, या तीन प्रवाहांच्या संगमावर ही रीत जन्मली. तिन्ही प्रवाहांच्या कर्त्यांस तिची कल्पना नव्हती. आर्थिक इतिहासात अनपेक्षित फलांची उदाहरणे पुष्कळ सापडतात. हे त्यांपैकी एक होय.

इतिहासाच्या अभ्यासकास तिचे महत्त्व तिने कोणास किती मिळवून दिले यात नाही. एखाद्या रासायनिक कसोटीप्रमाणे ती पैजव्यवहाराचे खरे स्वरूप उघड करते यात आहे. न्यायमूर्ती रौलट यांनी १९२५ मध्ये जो भेद केला त्यात बुकी हा संघटित धंदा करणारा आणि गिऱ्हाईक हा दैवाधीन मानला होता. जुळवलेल्या पैजा लावणाराने दैव वजा केले आणि संघटित उद्योग तेवढा ठेवला. त्या भेदाच्या दोन्ही कप्प्यांत तो नीट बसत नाही. आणि त्याने दैव वजा करताच बुकीने त्यास दाराबाहेर काढले. पैज ही उभयपक्षी समान जोखीम असते, अशी या धंद्याची स्वतःविषयीची भूमिका आहे. जो हरत नाही त्याची पैज घेतली जात नाही, ही वस्तुस्थिती त्या भूमिकेशी विसंगत आहे. १८४५ च्या कायद्याने पैज न्यायालयाबाहेर ठेवली आणि २००५ च्या कायद्याने ती आत घेतली. परंतु पैज घेण्यास बसलेल्याने ती कोणाकडून घ्यावयाची, हा प्रश्न दोन्ही कायद्यांनी बुकीच्या मर्जीवर सोडला. हरणाऱ्यास सवलत आणि जिंकणाऱ्यास नकार, अशी निवड करण्याचा अधिकार परवानाधारक धंद्यास असावा काय, या प्रश्नाचा निर्णय ब्रिटिश कायद्यास अद्याप करावयाचा आहे.